चेनला हात लावू नकोस

दादा गेल्यावर भेटायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी मला एकच गोष्ट सांगितली. त्या काळात, पनवेलसारख्या गावात, बहिणीला सायकलवर बसवणारा माणूस होता तो. कोणी माझा हात हातात घेऊन सांगितलं, कोणी डोळे पुसत. मी प्रत्येकाला 'हो' म्हटलं. ते खरंच आहे. मला सायकल दादानेच शिकवली. तळ्याकाठच्या सपाट रस्त्यावर सीट धरून तो माझ्यामागे धावायचा, आणि मी निवडुंगात जाऊन पडले की काटे काढत बसायचा. आई म्हणाली, "हातपाय मोडले तर हिला करणार कोण?" तेव्हा "मी बघतो" असं सांगणाराही तोच.

त्याच्या जाण्याचं दुःख मला आहे. सकाळी जाग आली की आधी तेच आठवतं. पण त्या दुःखात दुसरं काहीतरी मिसळलेलं आहे, आणि भेटायला आलेल्या माणसांसमोर ते वेगळं काढून दाखवता येत नाही. म्हणून बसून लिहिते आहे. हात आता हळू चालतो, त्याला इलाज नाही.

साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं. नवी मुंबई हा शब्द अजून कोणाच्या तोंडी नव्हता. खाडीच्या या अंगाला पनवेल आणि उरण ही दोन बाजाराची गावं, आणि मधे आगऱ्यांची, कोळ्यांची खेडी, भातखाचरं, मिठागरं. रस्ते अरुंद आणि निवांत. दिवसातून थोड्या एसट्या जायच्या, बाकी बैलगाड्या आणि माणसं. त्या रस्त्यांवरून दर रविवारी फिरणारा आमचा सायकल क्लब होता. क्लब म्हणायचं एवढंच. सातआठ जण असायचे. शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर सगळ्यांत वडीलधारे, म्हणून तेच पुढारी. पोस्टातला एक कारकून होता, त्याला गप्प बसणं माहीत नव्हतं. दवाखान्यातले कंपाउंडर होते. दादाचा शाळेपासूनचा मित्र होता, भाताच्या गिरणीवाल्यांचा मुलगा. त्यांचं कोकणी मुसलमानांचं मोठं घर आमच्याच आळीच्या टोकाला होतं. दादा मामलेदार कचेरीत नोकरीला. आणि मी.

क्लबाचा नियम एकच, मास्तरांनी घालून दिलेला: ज्याची चेन, त्याचा हात. खडीच्या रस्त्यावर चेन सारखी उतरायची. ज्याची उतरेल त्याने ती स्वतः बसवायची, बाकीच्यांनी उतरून थांबायचं, पण हात लावायचा नाही. "उद्या एकटा अडकलास तर काय रडत बसणार?" असं मास्तर म्हणायचे. माझी चेन पहिल्यांदा उतरली ती करंजाड्याजवळ. मी रस्त्यात बसून तिच्याशी झटत होते, डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, आणि हे सगळे हात मागे बांधून झाडाखाली उभे. दादासुद्धा. पोस्टातला म्हणाला, "सावकाश होऊ दे गं. आज रविवार आहे, पोस्ट बंद आहे." शेवटी ती दातांवर बसली. मी उठले तेव्हा माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि गालावरही काळं होतं. मास्तर दादाला म्हणाले, "आता ही क्लबात." त्या दिवसापासून कोणी मला दादाची बहीण म्हणून वागवलं नाही. घरी आई रॉकेलचा बोळा आणि राख घेऊन नखं घासत बसायची. "या हातांकडे बघून कोण करणार हिला?" म्हणायची. मला ते हात आवडायचे.

मॅट्रिक होऊन मला वर्ष झालं होतं. मला कॉलेजात जायचं होतं. पनवेलला कॉलेज नव्हतं, म्हणजे मुंबईला जावं लागणार, दादरला आत्याकडे राहावं लागणार. वर्षभर मी घरी बसून आळीतल्या मुलांना शिकवत होते आणि वाचनालयातलं मिळेल ते पुस्तक आणून वाचत होते. बाबांशी या विषयावर मी सरळ बोलू शकत नव्हते. तशी पद्धतच नव्हती आमच्या घरात. मुलींचं म्हणणं आईकडून किंवा भावाकडून बाबांपर्यंत पोचायचं. आईला ते मुळात मान्य नव्हतं. म्हणून सगळी भिस्त दादावर. "मी बोलतो बाबांशी," असं त्याने मला दिवाळीतच सांगितलं होतं. मे महिना आला. जूनमध्ये कॉलेजं सुरू होणार. मी रोज त्याच्या तोंडाकडे बघायची.

एका शनिवारी तो म्हणाला, "उद्या उरण. समुद्रावर जायचं. मास्तरांच्या ओळखीचं घर आहे, जेवण तिथेच. आणि बरी साडी बरोबर घे, मास्तर कॅमेरा आणणार आहेत."

"बाबांशी बोललास?" मी विचारलं.

"उरणहून आलो की सगळं ठरेल," तो म्हणाला.

मला त्याहून जास्त काही नको होतं. मी माझी हिरवी, आंब्याच्या रंगाच्या काठाची साडी वर्तमानपत्रात गुंडाळून कॅरिअरला बांधली.

उजाडता उजाडता निघालो. वैशाखाचं ऊन लवकर चढतं, म्हणून एरवी आम्ही सकाळी दामटत जायचो. त्या दिवशी कोणालाच घाई नव्हती. करंजाड्याला थांबलो, वहाळच्या अलीकडे थांबलो. जिथे वडाची नाही तर चिंचेची सावली दिसेल तिथे मास्तर हात वर करायचे. कंपाउंडरांनी लिंबाच्या सरबताची बाटली आणली होती, ती फक्त माझ्यासाठी. "तू घे, तू घे. आम्हाला पाणी आहे." दादाने मला स्वतःचा पंचा दिला, डोक्यावरून गालापर्यंत बांधून घे म्हणाला.

"मला दिसत नाही त्यातून."

"ऊन लागतंय तुला."

"दर रविवारी लागतं की!"

"आज जास्त आहे," पोस्टातला म्हणाला. "पंचांगात लिहिलंय."

दोन्ही बाजूंना खाचरं कोरडी पडून तडकली होती. बांधावरून गुरं हळूहळू चालली होती. कुठेतरी करवंदांचा वास येत होता, आणि उजवीकडे लांब खाडीचं पाणी कथलासारखं चमकत होतं. रस्त्याला आमच्याशिवाय कोणी नव्हतं. सायकलींच्या चाकांचा एक बारीक आवाज असतो, खूप जण एका ओळीत चालले की तो ऐकू येतो. मी त्या आवाजात सुखी होते.

वहाळ सोडल्यावर माझी चेन उतरली. मी सायकल आडवी केली आणि बसणार, तोच दादा उडी मारून आला.

"चेनला हात लावू नकोस!"

एवढ्या मोठ्याने म्हणाला की मी दचकले. तो गुडघ्यांवर बसून चेन बसवायला लागला.

"माझी चेन आहे," मी म्हटलं.

"राहू दे गं आज," मास्तर म्हणाले. "सणाच्या दिवशी नियम नसतो."

"कसला सण?"

"समुद्राचा," पोस्टातला म्हणाला, आणि सगळे हसले. जरा जास्तच हसले. गिरणीवाला तेवढा हसला नाही. तो सायकल धरून रस्त्याच्या दुसऱ्या कडेला उभा होता आणि खाचरांकडे बघत होता.

मी रागावले नाही. उलट मला भरून आलं. मला वाटलं, यांना कळलेलं दिसतंय. बाबा हो म्हणाले असणार, मी जूनमध्ये मुंबईला जाणार, आणि ही सगळी माणसं मला निरोप देताहेत. सरबत त्यासाठी, सावल्या त्यासाठी. दादा मला ते समुद्रावर सांगणार. म्हणून साडी, म्हणून फोटो. एवढं सगळं मी त्या दोन मैलांत ठरवून टाकलं.

गव्हाणला एक आगरी बाई ताडाच्या झाडाखाली ताडगोळे घेऊन बसली होती. आम्ही तिच्याभोवती बसलो. तिने एकेकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"येवरी मानसं आन् एकच पोर! वरात हाय का काय तुमची?"

मी जोरात हसले. "वरातीत नवरी सायकल मारते का, मावशी?"

"मारंल की! नवरा दमला तर त्याला मागं बसवंल."

मी आणि ती दोघी हसत होतो. इतर कोणी हसलं नाही. कंपाउंडर ताडगोळा सोलण्यात गढून गेले. गिरणीवाला दादाला हळू आवाजात म्हणाला, "तिला अजून सांगितलं नाहीस?"

"तू गप बस," दादा म्हणाला.

मी ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं. मोठी आनंदाची बातमी कोणी आपल्यासाठी राखून ठेवलेली असली की माणूस असंच करतो.

जासईच्या पुढे मिठागरं लागली. मिठाचे पांढरे ढीग उन्हात डोळ्यांना सहन होत नव्हते. पंचा खाली ओढून मी चालले होते. द्रोणागिरीचा डोंगर जवळ आला, वारा बदलला, आणि उरणात शिरताना समुद्राचा वास आला.

ते घर नारळाच्या वाडीत होतं. पुढे शेणाने सारवलेलं अंगण, विहीर, रुंद ओटी. आम्ही सायकली वाडीच्या कुंपणाला लावल्या. आतून दोन-तीन बायका आल्या आणि मला हाताला धरून सरळ मागच्या दारी घेऊन गेल्या. गार पाणी काढून दिलं. "तोंड धू. साडी आणलीस ना? तिकडे बदल." मी बदलली. बाहेर आले तर एकीच्या हातात मोगऱ्याचा गजरा.

"इथे बस जरा वाऱ्यावर," ती म्हणाली. "चेहरा केवढा लाल झालाय! ओसरू दे. मुलगा येतोच आहे आंघोळ करून."

"कोणाचा मुलगा?" मी विचारलं.

त्या हसल्या. "अगं बाई, लाजते बघा!"

"लाजू दे. पोहे होईस्तोवर लाजू दे."

गजरा घालणाऱ्या बाईचे हात माझ्या केसांत होते, म्हणून मला मान वळवता आली नाही. चुलीवर कढईत फोडणी पडली. सगळं एकदम कळत नाही. आधी साडी कळली. मग पंचा. मग सरबत. चेन शेवटी कळली. मी माझ्या हातांकडे पाहिलं. नखं स्वच्छ होती, आईने आदल्या दिवशी घासून दिली होती, आणि मी म्हटलं होतं, उद्या पुन्हा काळीच होणार आहेत. तरी आई घासतच राहिली होती.

पोह्यांचं तबक माझ्या हातात देऊन त्यांनी मला ओटीवर पाठवलं.

सतरंजीवर आमचा क्लब ओळीने बसला होता. सगळ्यांनी सदरे बदलले होते. केस ओले करून विंचरले होते. मास्तरांच्या अंगात कोट होता. तो कोट त्यांनी पनवेलहून, त्या उन्हात, पिशवीतून आणला होता. सकाळपासून ती पिशवी त्यांच्या हँडलला लटकलेली मी पाहत होते आणि कॅमेरा त्यातच असेल असं समजत होते. मी एकेकासमोर बशी ठेवत गेले. एकानेही वर पाहिलं नाही. दादाने बशी घेताना "सावकाश" एवढंच म्हटलं.

मुलगा भिंतीशी बसला होता. मिठागरांच्या कचेरीत कारकून. सावळा, उंच, चष्मा. त्याची आई आणि एक मोठी मावशी माझ्याकडे बघत होत्या. मला सुई ओवायला दिली, ती मी ओवली. पोथीचं पान वाचायला दिलं, ते वाचलं. मग माझ्याविषयी साक्षी सुरू झाल्या. कंपाउंडर म्हणाले, "स्वभाव अगदी शांत. आम्ही दोन वर्षं बघतोय." पोस्टातला म्हणाला, "कामाला उरक फार." मास्तर म्हणाले, "चिकाटी आहे मुलीत." हे त्यांनी मला रस्त्यांवर पाहून मिळवलेलं ज्ञान होतं. उन्हात, चढावर, चेनीशी झटताना त्यांनी जे पाहिलं होतं, ते ते आता ओटीवर काढून मांडत होते.

"ते सायकलचं काय?" मावशींनी विचारलं. "आमच्याकडे चालायचं नाही हो."

"छे छे," दादा हसत म्हणाला. "ती एक हौस होती. आजपासून बंद."

मुलाने एकच प्रश्न विचारला. "काय वाचता?"

मी उत्तर दिलं नाही. "लाजते," असं पुन्हा कोणीतरी म्हणालं.

जेवणं झाली. समुद्र तिथून अगदी जवळ होता, गाज ऐकू येत होती. तिकडे कोणी गेलं नाही. कॅमेराही निघाला नाही, कारण तो आणलेलाच नव्हता.

निघताना मी कुंपणाशी गेले तर गिरणीवाला सायकलींपाशी बसलेला. तो ओटीवर आलाच नव्हता. आत बशा मांडताना एक माणूस कमी आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"मला काल संध्याकाळी कळलं," तो म्हणाला. "मी त्याला म्हटलं होतं, तिला सांगून ने. यायलाच नको होतं मी."

"मग आलास कशाला?"

तो म्हणाला, "वाटलं, रस्त्यात तरी सांगेल."

परतीला मी ओळीत राहिले नाही. एकटी पुढे निघाले. मागून मास्तरांनी हाक मारली, मी थांबले नाही. हिरव्या साडीचा काठ चेनमध्ये अडकून फाटला तरी थांबले नाही. जासई मागे पडलं. गव्हाणच्या अलीकडच्या चढावर दादाने मला गाठलं. ऊन उतरलं होतं, खाचरांवर पिवळा उजेड होता. आम्ही दोघं शेजारी शेजारी चालवत होतो.

"माणसं चांगली आहेत," तो म्हणाला. "मुलगा निर्व्यसनी आहे. मी चौकशी केली आहे."

"बाबांशी बोललास?"

त्याने उगीच घंटी वाजवली.

"बोललो."

"कधी?"

"गुढीपाडव्याच्या सुमाराला."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तू जबाबदारी घेत असशील तर पाठवू. नेणं-आणणं, आत्याकडे जाऊन बघून येणं, सगळं तू करायचंस."

मला चढ लागत नव्हता असं आठवतं. पाय आपोआप फिरत होते.

"मग?"

"मी नाही म्हटलं."

मग त्याने ते सांगितलं. पेणला एका लग्नात त्याने एक मुलगी पाहिली होती, हे मला माहीत होतं. तिच्याविषयी तो माझ्याशीच बोलायचा, घरात दुसऱ्या कोणाशी नाही. तिच्या घरच्यांची तयारी होती, पण आमच्याकडे लग्नाची बहीण घरात असताना भावाचं लग्न होत नसे. आई त्या बाबतीत अढळ होती. "तू चार वर्षं कॉलेजात म्हटल्यावर मी चार वर्षं थांबायचं. ती माणसं थांबणार नाहीत गं. तिला दुसरीकडे देतील."

"हे मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर आली असतीस उरणला?"

मी खरंच विचार केला. त्याला मी फार मानत होते. तो माझ्यापाशी येऊन बसला असता आणि म्हणाला असता की माझं असं असं आहे, तर मी काय केलं असतं? कदाचित रडले असते आणि आले असते. कदाचित दोघांनी मिळून आईला वळवलं असतं.

"विचारून तर बघायचंस," मी म्हटलं.

"चल," तो म्हणाला. "अंधार पडेल."

घरी पोचलो तेव्हा बाबा ओटीवर बसले होते. आई दारात उभी होती. दादा अंगणातल्या धुण्याच्या धोंडीवर पाय धुवायला गेला. बाबांनी मला जवळ बोलावलं. ते माझ्याशी फार बोलत नसत, त्यामुळे त्यांनी "बस" म्हटलं तेव्हाच मला रडू यायला लागलं.

"कॉलेजचं तूच नको म्हणालीस असं हा सांगत होता," ते म्हणाले. "मला जरा नवल वाटलं. मला वाटलं होतं तू जाशील. बरं, तुझी इच्छा. मुलगा कसा वाटला तुला?"

धोंडीवर पाण्याचा आवाज थांबला.

"पसंत आहे तिला," दादा तिथूनच म्हणाला. "वाटेत सांगितलं मला. तुमच्यासमोर लाजतेय."

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. मी दादाकडे पाहिलं. त्याच्या हातात तांब्या होता आणि तोंडावर असा भाव होता की मी एक शब्द बोलले असते तर तो त्या घरात कायमचा खोटा ठरला असता. बाबा खोटेपणाला क्षमा करणारे नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी मान खाली घातली.

"मग ठीक," बाबा म्हणाले, आणि उठून आत गेले.

ज्येष्ठात माझं लग्न झालं आणि मार्गशीर्षात दादाचं. पेणची ती मुलगी माझी वहिनी झाली. तिच्याविषयी माझ्या मनात कधी काही आलं नाही. मी उरणला राहायला गेले. ज्यांना मी त्या ओटीवर उत्तर दिलं नव्हतं ते माझे यजमान शांत आणि सज्जन निघाले. पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तू एकदाही वर पाहिलं नाहीस. मी आवडलो नव्हतो का?" मी त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. त्यानंतर मोरा बंदराच्या धक्क्यावरून लाँचने मुंबईला कामाला गेले की ते माझ्यासाठी पुस्तकं आणायचे. कधी चुकले नाहीत. मी जे काही शिकले ते त्या पुस्तकांतून. माझा संसार चांगला झाला. कोणी विचारलं तर मी असंच सांगते, आणि त्यात लपवाछपवी नाही.

क्लब पुढे वर्षभरात मोडला. मास्तरांची बदली झाली, बाकीचे आपापल्या प्रपंचाला लागले. मी परत सायकलवर बसले नाही. गिरणीवाला तेवढा दर ईदेला उरणला शिरखुर्मा पोचवायचा, स्वतः सायकलवरून, आणि दारातूनच परत जायचा.

दादाने मात्र त्या दिवसाची गोष्ट केली. मंगळागौर असो, बारसं असो, कोणाचीही मुलगी बघायची असो, तो सुरुवात करायचा, "आम्ही आमच्या बहिणीला सायकलवरून दाखवायला नेली, ती पण तिला न सांगता!" मास्तरांचा कोट, ताडगोळेवाली, "कोणाचा मुलगा" हे माझं विचारणं, सगळं तो फार छान सांगायचा. लोक पोट धरून हसायचे. मीही हसायची. त्या गोष्टीत बाबा नसायचे, धोंडी नसायची. मला वाटायचं, वय झालं की एखाद्या दुपारी तो आपण होऊन ते बोलेल. निदान मला एकटीला.

शेवटच्या आजारात तो नेरूळच्या हॉस्पिटलात होता. मी दुपारी जाऊन बसायची. खिडकीतून सीवूड्सकडचे उंच मनोरे दिसायचे. कधी त्याला खाचरं आठवायची, कधी कुठला तरी बांध. एका दुपारी नर्स त्याची नाडी बघत होती, तेव्हा तो हसून म्हणाला, "सिस्टर, हिला विचारा, हिला मी कशी फसवली ते! सांग गं, तूच सांग आज. मला दम लागतो."

वहिनी खिडकीशी बसून मोसंबं सोलत होत्या.

मी सांगितलं. सरबत सांगितलं, कोट सांगितला. सिस्टर हसल्या. मग मी पुढे सांगितलं. गव्हाणच्या चढावर तो काय म्हणाला ते. बाबा हो म्हणाले होते ते. धोंडीवरून तो काय बोलला ते. आवाज चढवला नाही, पुस्तकातलं वाचून दाखवावं तसं सांगितलं. सिस्टरांना काय करावं कळेना. त्यांनी नाडी लिहून घेतली आणि निघून गेल्या.

दादा छताकडे बघत होता. "एवढं सगळं लक्षात ठेवलंस?"

"हो."

"तिला दुसरीकडे दिलं असतं," तो म्हणाला. तेच वाक्य, तसंच. मग म्हणाला, "तू सुखात होतीस ना?"

"होते."

"मग?"

मी पाणी प्यायला म्हणून बाहेर आले. तिथे भिंतीला लागून एक बाक आहे, त्यावर बसले. थोड्या वेळाने वहिनी बाहेर आल्या. त्यांच्या हातात अर्धवट सोललेलं मोसंबं तसंच होतं. त्या माझ्या शेजारी बसल्या.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "तुम्हाला कॉलेजात जायचं होतं?"

"हो."

"मला यांनी लग्नानंतर सांगितलं होतं, बहिणीलाच लग्नाची फार घाई होती म्हणून. तिने आधी माझंच करा असा हट्ट धरला म्हणून आपलं लांबलं, नाहीतर आधीच झालं असतं." त्या मोसंब्याकडे बघत होत्या. "मी तुमच्यावर कितीतरी दिवस मनातून रागावले होते. नवीन होते तेव्हा. तुमच्याशी नीट बोलायची नाही मी, आठवतं?"

मला आठवत होतं. मला वाटायचं, पेणच्या माणसांची तशीच रीत असेल.

समोरून एक वॉर्डबॉय रिकामी खुर्ची ढकलत गेला. आत दादाने हाक मारली. आवाज क्षीण होता, कोणाला मारली ते कळलं नाही. आम्ही लगेच उठलो नाही. त्याने पुन्हा हाक मारली, तेव्हा वहिनी उठल्या.